उसवलेल्या शिवणीचा कौल

इसवी सन १९९४, जून महिन्याची सोळा तारीख, वार गुरुवार, वेळ सकाळी साडेदहाची. स्थळ बारामती, जिल्हा पुणे, कचेरीच्या रस्त्यावरील सावळाराम यांचे पुस्तकबांधणीचे दुकान. या दिवशी, या वेळी आणि या ठिकाणी मोहनराव नावाचे एक भारदस्त गृहस्थ इंदापूरच्या एस.टी.तून उतरून, तांबड्या मखमलीत गुंडाळलेला एक बोजड ग्रंथ तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून दाखल झाले. एवढे प्रारंभीच नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. कारण पुढे जो अनर्थ घडला, त्याविषयी वरकुट्याच्या शिवेवरील ख्रिस्ती वस्तीत आजही चार माणसे पाच प्रकारे बोलतात.

मोहनराव गेली अठरा वर्षे त्या वस्तीच्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांचे, पंच होते. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकल रेटत यायचे, आशीर्वाद द्यायचे, कोंबडी खायचे आणि निघून जायचे. उरलेले एकोणतीस दिवस मंडळीवर मोहनरावांचे राज्य. वस्ती तीस-बत्तीस उंबऱ्यांची, उपासनामंदिर पत्र्याचे. पण व्यासपीठावरचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, असे जाडजूड, की ते उचलताना पंचांच्या मानेच्या शिरा दिसत. त्यामुळे त्यांचा मान वाढत असे.

"सावळारामराव," मोहनराव खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "पुठ्ठं निखळलं हायत. नवं घाला. वर सोनेरी अक्षरं काढा. पर आतलं कायबी हलवू नगा."

"आतले हलवायला मी कोण?" सावळारामाने मखमल सोडली. "हे आतल्याने तुम्हांला हलवायचे असते. गेल्या अठरा वर्षांत तसे काही झालेले दिसत नाही."

सावळाराम हा शेहेचाळीस वर्षांचा, बारीक अंगाचा, बारीक अक्षराचा आणि त्याहून बारीक नजरेचा गृहस्थ. वकिलांची कायद्याची पुस्तके आणि शाळांची हजेरीपत्रके बांधून तो पोट भरी. मन मात्र एकाच पुस्तकावर पोसलेले. ते त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकोणीस वेळा वाचले होते आणि ही संख्या तो विचारल्याशिवायही सांगत असे. बारामतीच्या मंडळीत उपदेश संपला की उपदेशक मागच्या दाराने जात. कारण पुढच्या दारात सावळाराम त्यांच्या चुका मोजत उभा असे. त्याचे म्हणणे चुकीचे क्वचितच असे. ते ऐकून कोणी सुधारल्याचे उदाहरण मात्र एकही नव्हते.

"इतवारी सव्वीस तारखंला पायजे," मोहनराव म्हणाले. "पान पाडायचं हाय."

"कुणासाठी?"

मोहनरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमच्याच भाचीसाठी. प्रयागबाईच्या वृषालीला मिरजंच्या इस्पितळात नर्शिणीचं शिक्षण घ्यायचं हाय म्हनं. तितं मंडळीची शिफारस लागती. कागद आलाय, माझ्या खिशात हाय. आता द्यायची का न्हाय ते आपुन कोण ठरवनार? शास्त्र ठरवंल."

येथे 'पान पाडणे' म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. या वस्तीचे आजे-पणजे कोणतेही मोठे काम काढण्याआधी शेतातल्या देवाच्या दगडाला फुले चिकटवून कौल मागत. उजवे फूल पडले तर होकार, डावे पडले तर नकार. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, दगड शेतातच राहिला. कौल मात्र त्यांच्या मागोमाग मंदिरात आला. आता फुलांच्या जागी पुस्तक होते. ते कण्यावर उभे धरायचे, "प्रभू, बोल" म्हणायचे, दोन्ही हात एकदम सोडायचे. पुस्तक जिथे उघडेल, तिथल्या उजव्या पानाची पहिली ओळ वाचायची. ओळ गोड तर होकार, कडू तर नकार. डाव्या पानाकडे कोणी पाहत नसे.

"मोहनराव," सावळाराम म्हणाला, "शास्त्र वाचायचे असते, पाडायचे नसते. मटका लावल्यासारखी एक ओळ उचलता. तिच्या मागचे-पुढचे वाचा, कोण कोणाला काय म्हणतो आहे ते पाहा, मग बोला."

"वाचून माणसाचं मत व्हतं," मोहनराव शांतपणे म्हणाले. "सोडून दिलं म्हंजी देवाचं मत कळतं. तुमी एकोणीस येळा वाचलंत. काय कळलं?"

"तुमच्यासारख्यांचे शास्त्रात काय होते, ते कळले."

मोहनराव मोकळेपणाने हसले. त्यांच्यावर टोमणा लागू पडत नसे. म्हशीच्या पाठीवर पाऊस पडावा, तसा तो ओघळून जाई. उठता उठता ते म्हणाले, "तसं बगितलं तर पोरीला मिरजंला जायची गरजच काय? आमचा पुतण्या अविराज हाय. माळेगावच्या कारखान्यावर उसाला सोताचा ट्रॅक्टर हाय त्याचा. पर म्या काय बोलत न्हाय बगा. शास्त्र बोलंल."

ते गेले. सावळारामाने दाभण घेतली आणि पुस्तकाचे जुने कातडे सोलले.

कणा उघडा पडताच तो इतक्या मोठ्याने हसला, की समोरच्या सायकलवाल्याने हवा भरणे थांबवले. सोळा-सोळा पानांचे सारे फर्मे अजून घट्ट होते. एकाच जागी शिवण तळापासून माथ्यापर्यंत उसवली होती, सरस भुगा होऊन गळला होता आणि पाने उन्हाने पिवळी पडली होती. ती पाने संदेष्ट्याच्या दुष्काळाच्या वर्णनाची: धनी माणसे नोकरांना पाण्याला धाडतात आणि रिकाम्या घागरी घेऊन ते लाजेने तोंड झाकतात. सावळारामाला लगेच आठवले. बहात्तरच्या दुष्काळात तेव्हाचे पाळक खडी फोडणाऱ्यांपुढे, उघड्यावर, सहा महिने हेच पान वाचत. वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना धोंडे ठेवत. त्या धोंड्यांनी कणा मोडला. आणि मोडलेल्या कण्याचे पुस्तक उभे धरून सोडले, तर ते मोडले आहे तिथेच उघडते. बांधणीच्या धंद्यातले पोरसुद्धा हे जाणते.

म्हणजे अठरा वर्षे एका उसवलेल्या शिवणीने मंडळीचा कारभार केला होता. विंधणविहीर घ्यावी का? रिकाम्या घागरी. नको. मंदिरात वीज घ्यावी का? रिकाम्या घागरी. नको. वस्तीतल्या म्हस्कूने बायकोला ऑपरेशनसाठी पुण्याला न्यावे का? तिथेही रिकाम्या घागरी. म्हस्कूने ऐकले नाही, नेले, बायको बरी होऊन आली. तेव्हापासून त्याला मागच्या रांगेत बसवत. दरवेळी तेच पान का पडते, असे कोणाच्या मनात आले नाही काय? आले होते. मोहनरावांनी त्याचे उत्तर दिले होते: देव आपला शब्द बदलत नाही. आणि दोन-तीनदा पुस्तक भलत्याच ठिकाणी उघडले, तेव्हा "वारं लागलं" म्हणून त्यांनी ते पुन्हा पाडले होते.

मूर्खपणा इतका निर्दोष आणि सलग असू शकतो, याचे सावळारामाला कौतुकच वाटले. शास्त्राला डोक्यावर घेणारी ही माणसे. मखमल त्यांची, उदबत्ती त्यांची, नवे पुठ्ठे त्यांचे. फक्त आतली अक्षरे तेवढी परक्याची. ज्या पुस्तकाने शकुनांची आणि कौलांची जागोजाग निर्भर्त्सना केली, त्याच पुस्तकाचा त्यांनी कौल केला होता. आणि ती निर्भर्त्सना त्यांना कधी सापडली नाही, कारण तिथली शिवण शाबूत होती.

इथवर सावळारामाचे सारे बरोबर होते. इतके बरोबर असणे त्याच्या प्रकृतीला मानवत नसे.

फर्मे नव्याने शिवायला घेताना त्याला वृषाली आठवली. सात वर्षांची असताना ती याच दुकानात खळीच्या डब्यात बोट घालून बसे आणि विचारी, "मामा, पुस्तकाला दुखतं का?" आता बारावी झाली होती. बाप नव्हता, आई, म्हणजे सावळारामाची थोरली बहीण प्रयागबाई, इंदापूरच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकून घर चालवीत होती. या पोरीचे आयुष्य आता एका दोऱ्यावर लटकत होते. उपमा म्हणून नव्हे. दोरा त्याच्या हातात होता.

त्याने विचार केला, आणि विचार करणाऱ्या माणसाला निमित्ते कमी पडत नाहीत. शिवण घट्ट केली, तर पुस्तक कुठेही उघडेल आणि भविष्य वाऱ्यावर जाईल. मग ते योग्य जागी का उघडू नये? अक्षर एकही बदलायचे नव्हते. शब्द देवाचा, दोरा आपला. आणि मूर्खांना मूर्खांच्याच भाषेत सत्य सांगितले, तर ते सत्य राहत नाही काय? नीतिवचनांच्या शेवटी कर्तबगार स्त्रीचे वर्णन आहे. हिचा दिवा रात्री विझत नाही, हिचा हात दीनदुबळ्यांकडे पसरलेला असतो. परिचारिकेचे याहून नेमके चित्र कोणते? मुख्य म्हणजे त्या प्रतीत हीच ओळ उजव्या पानाच्या अगदी माथ्यावर होती.

डाव्या पानावर काय आहे, हे एकोणीस वेळा वाचलेल्या माणसाला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु अठरा वर्षांत ज्या लोकांनी डावे पान पाहिले नाही, ते एकोणिसाव्या वर्षी कशाला पाहतील? त्यांच्या आळसावर त्याचा पूर्ण विश्वास होता. देवावर होता तितकाच.

त्याने त्या एका जागी दोरा ढिला सोडला, कण्याला तिथे सरस लावला नाही, बाकी सर्वत्र दुप्पट लावला. पुस्तक त्या पानावर शंभर वेळा उघडून मिटले आणि दोन दिवस तसेच उघडे, दाबाखाली ठेवले. मग उभे धरून सोडले. उघडले. दहादा सोडले, दहादा तिथेच. दुष्काळातल्या धोंड्यांना जे साधायला सहा महिने लागले, ते त्याने दोन दिवसांत साधले होते. पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरे मात्र त्याने खरोखरच मन लावून काढली.

सव्वीस तारखेला सकाळी तो ग्रंथ घेऊन वस्तीवर पोहोचला. प्रयागबाई उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. मांडीवर तिचे स्वतःचे, कोपरे झिजलेले छोटे शास्त्र होते. ती पस्तिसाव्या वर्षी प्रौढशिक्षणाच्या वर्गात अक्षरे शिकली. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. एक पान वाचायला अर्धा तास लागे. अशा रीतीने चौदा वर्षांत ती दोनदा शेवटापर्यंत गेली होती. सावळाराम हिशेबात धरायचा तो एकोणीस हा आकडा; हा दोन त्याने कधी धरला नव्हता.

"आलास? बस. च्या ठिवते."

"मामा, पुस्तक लईच भारी दिसतंय," वृषाली आतून म्हणाली. "आता पान पडंल तेबी सोनेरी पडंल का?"

"पडेल," सावळाराम म्हणाला. "निश्चिंत राहा."

"तुमाला कसं ठावं?"

"प्रार्थना केली आहे."

प्रयागबाईने पुस्तकावरचे बोट उचलले. "तू? तू तर देवालाबी चुका काढून दावत असशील."

मग त्याला राहवले नाही; आपली हुशारी एकट्याने बाळगणे त्याला जड जाई. आपली करणी त्याने झाकून ठेवली, परंतु उसवलेल्या शिवणीची, धोंड्यांची, रिकाम्या घागरींची गोष्ट त्याने रंगवून सांगितली. वृषाली पोट धरून हसली. प्रयागबाई हसली नाही.

"म्हंजी म्हस्कूला इतकी वर्सं उगाच मागं बशिवला?"

"उगाचच."

"मग हे सभंत सांग. आज उठून सांग. समद्यांचंच डोळं उघडतील."

"कशाला?" तो म्हणाला. "त्यांना सांगून काय उपयोग? आज काम होऊ दे. पुढचे पुढे."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले आणि ती चहा गाळायला आत गेली.

उपासनेनंतर सभा भरली. पाळकसाहेब आले होते. त्यांचे लक्ष कोंबडी शिजत होती त्या दिशेला अधिक होते. मोहनरावांनी नव्या पुठ्ठ्यांवरून हात फिरवला, ग्रंथ मेजावर कण्यावर उभा केला, डोळे मिटले.

"प्रभू, तुझी दासी वृषाली. हिला मिरजंला धाडावं का? प्रभू, बोल."

हात सुटले. पुस्तक धप्पदिशी उघडले. मोहनरावांनी चष्मा चढवला आणि उजव्या पानाच्या माथ्यावरची ओळ खणखणीत वाचली. रात्री न विझणारा दिवा. रिकाम्या घागरींची सवय झालेल्या माणसांना भरलेले काही ऐकून काय करावे, ते सुचेना. मग मागच्या रांगेतून म्हस्कू ओरडला, "उजवा पडला! आरं, उजवा पडला!" बायकांनी टाळ्या पिटल्या. वृषालीने मामाकडे पाहून डोळा मिचकावला. सावळारामाने मान किंचित लववली, जणू श्रेय देवालाच जावे.

मोहनराव मात्र पुस्तकापासून हलले नव्हते.

"थांबा, थांबा," ते म्हणाले. "सावळारामराव परवा दुकानात मला म्हणालं, मोहनराव, एक ओळ उचलू नगा, मागचं-फुडचं वाचा. मला राग आला व्हता. पर मानूस शिकलेला हाय, खरं बोलला. आज आमी मागचं वाचनार." आणि अठरा वर्षांत प्रथमच मोहनरावांचे बोट डाव्या पानावर गेले. ते तळापर्यंत सरकले, थांबले, आणि पंचांचा चेहरा उजळून निघाला. "अरं बाबानू! ही तर बायकू हाय! नवऱ्याचं मन तिच्यावर भरवसा ठिवतं म्हनं. आन् उजवीकडं खाली बगा, तिचा नवरा येशीत मानानं बसतो म्हनं. ही नर्शीण न्हवं. ही लगीन झालेली बाई हाय!"

सावळाराम पुढे सरकून बसला.

"आता ह्यो कौल कसला?" मोहनराव हात पसरून म्हणाले. "पोरीचं लगीन करा, ह्यो कौल. आणि येशीत मानानं बसनारा कोण? आमचा अविराज. कालच ग्रामपंचायतीच्या पारावर बसला व्हता."

"मोहनराव!" सावळाराम उठला. "तो अर्थ नाही. ते एका राजाला त्याच्या आईने शिकवलेले वचन आहे. तिथे कर्तबगारीची थोरवी आहे, लग्नाची आज्ञा नाही. शिवाय पुढच्या ओळींत ती शेत विकत घेते, व्यापार करते, कंबर कसते..."

"मग शेत घिऊ की! अविराजकडं चार एकर हाय."

"तुम्ही संदर्भ पाहत नाही!"

"तुमीच सांगितलं मागचं वाचा म्हून, वाचलं. आता म्हनता अर्थ न्हाय. सावळारामराव, तुमाला शास्त्र पायजे का तुमची भाची मिरजंला पायजे? एक काय ते बोला."

सभा हसली. एकोणीस पारायणे केलेला माणूस उभ्याचा खाली बसला. प्रश्न बरोबर होता.

वृषाली ताडकन पुढे आली. "मोहनकाका, वारं लागलं असंल. परत पाडा."

"वारं न्हवतं."

"मग मी पाडते." तिने पुस्तक उचलले, उभे केले, सोडले. रात्री न विझणारा दिवा. पुन्हा सोडले. दिवा. तिसऱ्यांदा सोडले, दिवा तिथेच. आता मंदिरात हसणे राहिले नव्हते. तीन वेळा! कोणीतरी गुडघ्यांवर आले. पाळकसाहेबांचेसुद्धा कोंबडीवरचे लक्ष उडाले. इतका ठाम कौल त्या वस्तीने जन्मात पाहिला नव्हता. मोहनरावांनी दोन्ही हात जोडले आणि अगदी खऱ्या, ओल्या आवाजात म्हणाले, "प्रभू, आमी ऐकलं."

वृषालीने मामाकडे पाहिले. या वेळी डोळा मिचकावला नाही.

प्रयागबाई बायकांच्या बाजूने उठली आणि भावासमोर येऊन उभी राहिली. "सावळा. पान पडतंय, का तू पाडतुयास?"

सावळारामाला आयुष्यात प्रथमच लहान वाक्य सापडेना. तो बोलू लागला. शिवण, सरस, ढिला दोरा. मग आपला हेतू. मग हेतू आणि साधन यांतील भेद. मग जुन्या पाळकांचे धोंडे, बहात्तरचा दुष्काळ, अठरा वर्षांच्या रिकाम्या घागरी. शेवटची गोष्ट खरी होती, महत्त्वाचीही होती. सकाळी सांगितली असती तर तिने वस्ती बदलली असती. आता ती पकडलेल्या चोराने दुसऱ्या चोराचे घर दाखवावे, तशी वाटली. फक्त म्हस्कू ती ऐकत होता.

"शास्त्राला दोरा लावला!" मोहनराव पांढरेफटक पडले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घर जळालेले पाहणाऱ्याचा चेहरा होता. "सावळारामराव, म्या तान्ह्या लेकरागत आणून दिलं व्हतं तुमच्याकडं."

"शिफारस न्हाय!" कोणीतरी ओरडले. "मामानं बाटिवलं, भाचीला कशापायी चिठ्ठी?"

गलका वाढला. प्रयागबाईने तो संपण्याची वाट पाहिली. बाजारात बसणाऱ्या बाईला ती सवय असते. मग म्हणाली, "मोहनराव, तुमच्या खिशातला कागद द्या."

"कंचा?"

"मिरजंवाल्यांचा. त्यांनी काय इचारलंय?"

मोहनरावांनी खिसा चाचपला. कागद निघाला, तीन आठवडे घड्यांत राहून त्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या. काय विचारले आहे, हे त्यांना सांगता आले नाही. पाळकसाहेबांनाही नाही. आणि प्रयागबाईने भावाकडे वळून पाहिले, तेव्हा शास्त्राची एकोणीस पारायणे केलेल्या सावळारामाला उमगले, की ज्या चिठ्ठीसाठी त्याने पवित्र ग्रंथाचा कणा वाकवला, ती आपणही कधी मागून वाचली नव्हती.

प्रयागबाईने कागद मेजावर पसरला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवले आणि ओठ हलवू लागली. लोक ताटकळले. ती घाईत नव्हती.

"मुलगी... या मंडळीची... सभासद आहे काय." ती थांबली. "साहेब, हाय का न्हाय?"

"आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"उपासनेस... नियमित... येते काय. मोहनराव?"

मोहनराव खाली पाहत होते. "येती."

"तिची... वर्तणूक... चांगली आहे काय." तिने बोट उचलले. "मोठ्यांफुडं टरटर बोलती. आणखी काय वाईट हाय का, कुणी बी सांगा."

कोणी काही सांगितले नाही.

"एवढंच लिवलंय. फुडं सहीची जागा हाय." तिने कागद पाळकसाहेबांपुढे सरकवला. "ह्यातलं कायबी देवाला इचारायजोगं न्हाय. तुमाला इचारलंय. खरं काय ते लिवा."

पाळकसाहेबांनी पेन काढले, मोहनरावांकडे पाहिले. मोहनरावांनी अडवले नाही. अडवण्यासाठी त्यांच्याजवळ आता पान उरले नव्हते. सही झाली. वृषालीने शाई वाळण्याआधीच कागद उचलला आणि फुंकर मारत ती उन्हात गेली.

माणसे पांगली. मोहनराव एकटेच पुस्तकाजवळ बसून राहिले. त्यांनी ते उभे केले नाही. आडवे ठेवून पहिले पान उघडले आणि आरंभाच्या ओळीखाली, चोरून, बोट ठेवले. सावळारामाने ते पाहिले आणि त्याला नेहमीसारखे काही खोचक सुचले. पण ते ऐकायला शेजारी कोणी नव्हते.

तो बाहेर आला. प्रयागबाई चपला शोधत होती.

"शिवण मी पुन्हा घालून देईन," तो म्हणाला. "एकसारखी."

"घालशीलच."

"अक्का, मी पोरीसाठी केले. आणि त्यांचे मूर्खपण मी पाहिले होते, तू नाही. अठरा वर्षे, अक्का! त्या माणसाने म्हस्कूची बायको मारली असती. निदान एवढे तरी म्हण, की माझ्यापेक्षा त्याचा अपराध मोठा."

प्रयागबाईने चपलेत पाय घातला, पदर सारखा केला आणि भावाकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता. मेथीची जुडी वाळकी की ताजी, हे सांगताना असतो तेवढाच तो सरळ होता.

"त्यानं वाचलं न्हवतं, म्हून तो चुकला," ती म्हणाली. "तू वाचून केलंस. ते पाप हाय."